चहातली साखर आणि पेशीवरची साखर

प्रथिनवेडी

आमच्या सोसायटीतील एका काकांची केमोथेरपी सुरू आहे. मागच्या रविवारी त्यांना भेटायला गेले तेव्हा काकूंनी दोन कप चहा आणला, माझा साखरेचा आणि काकांचा बिनसाखरेचा. काकांना मधुमेह नाही हे मला ठाऊक होते, म्हणून विचारले. तेव्हा कळले की गेला दीड महिना त्यांच्यापुरती साखर, गूळ, केळे, आंबा, एवढेच काय पण भातही बंद आहे. मोबाइलवर फिरत आलेल्या एका संदेशात 'कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, त्यांच्या अंगावर साखरेचे कवच असते, साखर तोडली की कवच गळून पडते' असे लिहिले होते आणि घरच्यांनी ते मनावर घेतले होते. या दीड महिन्यात काकांचे वजन ७ किलोंनी उतरले आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या कानावर हे आजच घाला, एवढे सांगून मी घरी आले आणि त्यांनी ते घातलेही. परंतु तो संदेश काही डोक्यातून जाईना, कारण त्यातले मधले वाक्य खरे आहे. कवच असते. ते तुमच्या-माझ्या निरोगी पेशींवरही असते, कर्करोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही असते, आणि जेवणातली साखर तोडून ते गळत नाही, एवढेच संदेश लिहिणाऱ्याला माहीत नव्हते.

मी डॉक्टर नाही. मुंबईतील प्रयोगशाळांत २६ वर्षे प्रथिने वेगळी करण्याचे आणि ओळखण्याचे काम केले, आता निवृत्त आहे. त्या अनुभवाच्या आधाराने हा धागा काढत आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात आणि भर घालावी.

पेशीच्या पृष्ठभागावर असणाऱ्या बहुतेक प्रथिनांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. या जोडणीला ग्लायकोसिलेशन म्हणतात. प्रथिन तयार होत असतानाच त्यातील ॲस्परजिन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागी १४ शर्करांचा एक तयार जुडगा (२ एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, ९ मॅनोज आणि ३ ग्लुकोज) एकदम बसवला जातो. पुढे प्रथिन गॉल्जी पिंडातून (पेशीतला, प्रथिनांवर शेवटचा हात फिरवणारा भाग) सरकत असताना त्यातल्या काही शर्करा कातरल्या जातात आणि त्यांच्या जागी गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल यांची भर पडते. सेरीन आणि थ्रिओनीन यांच्यावरच्या साखळ्यांची तऱ्हा वेगळी. त्या एकेक शर्करा जोडत वाढतात. प्रत्येक सांध्यासाठी वेगळे एन्झाइम लागते आणि माणसाकडे अशी सुमारे २०० एन्झाइमे आहेत. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो, या साखळीचा मात्र कुठेही लिहिलेला नसतो. त्या क्षणी त्या पेशीत कोणते एन्झाइम किती आहे आणि कच्चा माल किती आहे, यावर तिचा अंतिम आकार ठरतो. त्यामुळे तेच प्रथिन यकृतात एक साखळी घेऊन वावरते आणि गाठीतल्या पेशीत दुसरी.

येथे एक गल्लत आधीच निस्तरायला हवी. मधुमेहींच्या परिचयाची एचबीएवनसी ही चाचणी हिमोग्लोबिनला चिकटलेले ग्लुकोज मोजते. ते चिकटणे कोणत्याही एन्झाइमाशिवाय होते, त्याला ग्लायकेशन म्हणतात, आणि रक्तात ग्लुकोज जास्त असेल तर ते जास्त चिकटते, म्हणून तर ती चाचणी उपयोगाची. ग्लायकोसिलेशन हे नेमून दिलेले, जागा ठरलेले काम आहे. संदेश लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा पहिले चित्र असते आणि ते दुसऱ्यावर चिकटवले जाते.

आता माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. पीडी-एल१ हे नाव इम्युनोथेरपीच्या निमित्ताने अनेकांनी ऐकले असेल. कर्करोगाच्या पेशी हे प्रथिन अंगावर बाळगतात; टी पेशी (कर्करोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एक) मारायला आली की तिच्यावरील पीडी-१ या प्रथिनाला ते जाऊन भिडते आणि टी पेशी थंडावते. हे ब्रेक सोडवणाऱ्या उपचारांच्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. या पीडी-एल१ चे अमिनो आम्लांवरून काढलेले वजन सुमारे ३३ किलोडाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) भरते. पहिल्यांदा त्याचा ब्लॉट (जेलमध्ये प्रथिने वजनानुसार वेगळी करून हवे ते अँटीबॉडीने दाखवणारी तपासणी) केला तेव्हा ३३ च्या जागी जवळपास काहीच नव्हते, आणि वर ४५ ते ५० च्या दरम्यान जाड, धुरकट, ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक डाग होता. मला वाटले की जेल बिघडले. आमच्या वरिष्ठ बाईंनी डाग पाहिला, काही न बोलता फ्रीजरमधून पीएनजीएज एफ या एन्झाइमाची नळी काढून दिली आणि नमुना रात्रभर ३७ अंशांवर ठेवायला सांगितला. हे एन्झाइम ॲस्परजिनवरच्या साखळ्या मुळापासून कापते. दुसऱ्या दिवशीच्या ब्लॉटवर तो धुरकट डाग गेला होता आणि ३३ च्या सुमारास सुबक, बारीक बँड उमटला होता. म्हणजे वरचे सगळे वजन साखळ्यांचे होते, आणि डाग पसरट होता कारण प्रत्येक रेणूवरची साखळी थोडी वेगळी होती.

ही साखळी शोभेची नाही. पीडी-एल१ वर अशा ४ जागा आहेत. त्या मोकळ्या ठेवल्या तर प्रथिन पेशीत लवकर मोडीत निघते, हे ह्यूस्टनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. त्याच गटाने २०१९ मध्ये आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट दाखवली. रुग्णाच्या गाठीच्या काचपट्टीवर आधी हे साखळी कापणारे एन्झाइम घातले, तर पीडी-एल१ अधिक नीट मोजता येते आणि ती मोजणी उपचाराला मिळणाऱ्या प्रतिसादाशी अधिक जुळते. साखळीमुळे तपासणीच्या अँटीबॉडीला प्रथिन नीट दिसत नव्हते.

साखळीच्या टोकाचे सियालिक आम्ल हाही असाच प्रकार आहे. आपल्या मॅक्रोफेज आणि एनके या संरक्षक पांढऱ्या पेशींवर सिग्लेक नावाची प्रथिने असतात. समोरच्या पेशीवर सियालिक आम्ल लागले की ती 'ही घरची आहे' असे मानून हात आवरतात. कर्करोगाच्या अनेक पेशी हे आम्ल नेहमीपेक्षा जास्त वाहतात.

---

माटुंगा_रोड

ताई, लेख दोनदा वाचला. माझ्या मोठ्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. सीटी स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसते, बायोप्सीही झाली आहे, परंतु सीए १९-९ नावाची रक्ततपासणी पहिल्यापासून जवळजवळ शून्य येते. आधी आम्ही आनंदलो, नंतर घाबरलो, मग प्रयोगशाळा बदलून पाहिली, तरी आकडा तोच. डॉक्टरांनी 'या तपासणीवर जाऊ नका' एवढेच सांगितले. बाहेर ४० जण बसलेले असताना त्यांच्याकडून अधिक अपेक्षा करणेही बरोबर नव्हते. सीए १९-९ चा तुमच्या या साखरेशी काही संबंध आहे का?

---

प्रथिनवेडी

दादा, संबंध अगदी थेट आहे. सीए १९-९ हे एखाद्या प्रथिनाचे नावच नाही, ते एका साखळीचे नाव आहे. तिला सियालिल लुईस-ए म्हणतात. स्वादुपिंडाच्या गाठीतून रक्तात येणाऱ्या निरनिराळ्या प्रथिनांवर ही साखळी असते आणि तपासणी ती साखळी मोजते. सर्वसाधारण मर्यादा दर मिलिलिटरला ३७ युनिट धरतात. आता ही साखळी पुरी करायला त्यात एक फ्यूकोज बसवावे लागते आणि ते काम लुईस जनुकाच्या एन्झाइमाचे आहे. साधारण ५ ते १० टक्के लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच चालत नाही. त्याने त्यांचे एरवी काही अडत नाही. पण त्यांना गाठ झाली तरी सीए १९-९ वाढणार नाही, कारण ते बनवण्याचे अवजारच त्यांच्याकडे नाही. उलट बाजूने, नुसत्या काविळीत पित्तनलिका तुंबली तरी हा आकडा चढतो. भावाच्या बाबतीत नेमके काय आहे हे मी येथून सांगू शकत नाही, डॉक्टरांचे म्हणणे मात्र अगदी योग्य आहे.

पोटाच्या तक्रारींसाठी स्त्रियांना सांगितली जाणारी सीए १२५, स्तनाच्या कर्करोगात पाहिली जाणारी सीए १५-३, आतड्यासाठीची सीईए, हे सगळेही साखळ्यांनी लगडलेल्या प्रथिनांचेच मोजमाप आहे.

---

रक्तपेढी

लुईसचा विषय निघाला म्हणून लिहितो. साखळीतल्या एका फ्यूकोजने काय फरक पडतो, याचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्या परळचेच आहे, आणि मुंबईकरांनाच ते फारसे ठाऊक नसते.

ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरच्या साखळ्यांची टोके आहेत. सर्वांच्या पेशींवर आधी 'एच' नावाची पायरी तयार होते, ज्यात टोकाला फ्यूकोज असते. तिच्यावर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन बसले तर ए गट, गॅलॅक्टोज बसले तर बी गट, दोन्ही बसले तर एबी, आणि काहीच बसले नाही तर नुसता एच, म्हणजे ओ गट. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या पेशींवर ही एच पायरीसुद्धा नव्हती. तोच बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत हा माणूस ओ गटाचा वाटतो, आणि धोका तिथेच आहे, कारण त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) असतात आणि त्याला ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. भारतात हे प्रमाण साधारण १०,००० मध्ये १ असे सांगितले जाते, युरोपात ते दहा लाखांत १ इतके विरळ आहे. शहराचे नाव बदलून इतकी वर्षे झाली, तरी रक्तपेढीत अजून कोणी 'मुंबई रक्तगट' म्हणत नाही.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. १९९२ मध्ये इस्रायलमधील दोन मुलांची नोंद झाली. त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होत होता, रक्तातील पांढऱ्या पेशींचा आकडा प्रचंड होता, पण जखमेत पू होत नव्हता. आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे निघाला. पांढऱ्या पेशीला रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेकडे जायचे असेल, तर आधी वाहिनीच्या भिंतीला हलके चिकटून घरंगळत जावे लागते. भिंतीवरील सिलेक्टिन नावाची प्रथिने तिला ज्या साखळीच्या आधाराने धरतात, त्या सियालिल लुईस-एक्समध्येही फ्यूकोज लागते. या मुलांमध्ये फ्यूकोज गॉल्जी पिंडात नेणारी वाहतूकच बिघडलेली होती. त्यामुळे एच पायरी नाही आणि पांढऱ्या पेशींना पकडही नाही. पेशी रक्तात भरपूर, पण सगळ्या स्टेशन न घेणाऱ्या जलद गाडीत बसल्यासारख्या जखमेसमोरून निघून जातात.

आपल्या नेहमीच्या बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींना हा त्रास नसतो, हे आवर्जून सांगतो, नाहीतर नवा संदेश फिरायचा. त्यांचे फक्त एच बनवणारे एन्झाइम नादुरुस्त असते. पांढऱ्या पेशींसाठी फ्यूकोज बसवणारे एन्झाइम वेगळे आहे आणि ते ठीक असते.

---

वरणभात

माहितीपूर्ण धागा. एक बाळबोध शंका आहे. या साखळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, तर कोणाच्या पेशीवर कोणती साखळी आहे हे ओळखतात कसे?

---

रक्तपेढी

शंका बाळबोध मुळीच नाही, आणि तुमच्या नावाला साजेसे उत्तर आहे: डाळी-कडधान्यांनी. अनेक बियांमध्ये लेक्टिन नावाची प्रथिने असतात आणि प्रत्येक लेक्टिन विशिष्ट शर्करेलाच धरते. ए गटातील ए१ हा उपप्रकार ओळखायला आम्ही जे लेक्टिन वापरतो ते कुळथाचे. कोकणातल्या घरी ज्याची पिठी होते, तेच कुळीथ. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब, त्यावर लेक्टिनचा एक थेंब, आणि पट्टी हलकेच हिंदकळवली की ए१ असेल तर मिनिटभरात लाल रवा जमल्यासारख्या गुठळ्या दिसतात.

---

प्रथिनवेडी

यात माझीही भर. फणसाच्या आठळ्यांतून जॅकलिन हे लेक्टिन मिळते. त्याची त्रिमितीय रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडली गेली. ते आणि शेंगदाण्यातले लेक्टिन अशा एका अपुऱ्या साखळीला धरते, जी निरोगी पेशींवर सहसा झाकलेली असते आणि अनेक कर्करोगांत उघडी पडते. मसुराचे लेक्टिन मुळाजवळ फ्यूकोज असलेल्या साखळ्या पकडते. यकृताच्या कर्करोगासाठी एएफपी हे प्रथिन मोजतात, पण ते यकृताच्या इतर आजारांतही वाढते. मसुराच्या लेक्टिनला धरणारा त्याचा फ्यूकोजयुक्त भाग वेगळा काढला, तर कर्करोगाचा संशय अधिक नेमका घेता येतो. त्या तपासणीला एएफपी-एल३ म्हणतात.

आणि राजमा. १९६० पर्यंत अशी समजूत होती की रक्तातील लिंफोसाइट (टी पेशी ज्या प्रकारात मोडते ती पांढरी पेशी) ही विभाजन न होणारी, पेशीचक्राच्या शेवटाला पोहोचलेली पेशी आहे. पीटर नोवेल यांनी रक्ताच्या नमुन्यात राजम्याचे लेक्टिन वापरले होते, ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या वेगळ्या काढण्यासाठी. आणि उरलेल्या लिंफोसाइट विभाजित होऊ लागल्या. टी पेशीच्या पृष्ठभागावरील साखळ्यांना धरून लेक्टिनने तिला जागे केले होते. टी पेशींचा प्रयोगशाळेतला अभ्यास त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला. (कच्चा राजमा मात्र याच लेक्टिनमुळे विषारी असतो, म्हणून तो भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळायचा. शिजल्यावर ते निकामी होते.)

---

टीपेशी

मी प्रतिकारशास्त्रात पीएचडी करत आहे आणि रोज हार्बर लाइनने जाता-येता हाच विषय वाचत असतो, म्हणून धाग्यात न आलेला एक भाग मांडतो. आतापर्यंत सगळी चर्चा पेशीच्या बाहेरच्या साखळ्यांची झाली. पेशीच्या आत, पेशीद्रव्यात आणि केंद्रकात, एक निराळीच जोडणी चालते. तिथे साखळी नसते. सेरीन किंवा थ्रिओनीनवर एन-ॲसिटिलग्लुकोसमाइनचा एकच कण बसतो आणि काढलाही जातो. तिला ओ-ग्लकनॅक म्हणतात. बाहेरच्या साखळ्यांसाठी २०० एन्झाइमे, तर हिच्यासाठी फक्त २: बसवणारे ओजीटी आणि काढणारे ओजीए. १९८४ मध्ये टोरेस आणि हार्ट यांना ती प्रथम आढळली ती उंदरांच्या लिंफोसाइटमध्येच. शोधत होते पेशीच्या पृष्ठभागावरची साखर, आणि सापडली ही आतली.

या कणाचा कच्चा माल यूडीपी-ग्लकनॅक हा आहे आणि तो तयार होताना ग्लुकोज, ग्लुटामिन, ॲसिटिल-कोए आणि यूटीपी हे चारही लागतात. म्हणजे पेशीकडे इंधन किती आहे याचा हिशेबच जणू प्रथिनांवर टिकल्या लावून ठेवला जातो. पेशीत आलेल्या ग्लुकोजपैकी २ ते ५ टक्के या वाटेने जाते, असा जुना आणि अजूनही वापरला जाणारा अंदाज आहे. टी पेशी जागी झाली की ती ग्लुकोज आणि ग्लुटामिन झपाट्याने आत घेऊ लागते आणि ओ-ग्लकनॅक वाढते. २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील गटाने उंदरांत दाखवले की ओजीटी काढून टाकले तर थायमस या छातीतील ग्रंथीमधील टी पेशींच्या पूर्वज पेशी स्वतःची भर घालू शकत नाहीत, प्रौढ टी पेशी जागी होऊनही वाढत नाही, आणि ज्या बदलामुळे एरवी टी पेशींचा कर्करोग व्हायला हवा, तोही होत नाही. या सगळ्यामागे मिक हे प्रथिन आहे. तेच ग्लुकोज आणि ग्लुटामिनची आवक वाढवते. निरोगी टी पेशीत मिक थोड्या दिवसांपुरते चढते आणि उतरते, कर्करोगात ते उतरायचे नाव घेत नाही. अवजारे दोघींकडे तीच आहेत.

---

शंकेखोर

सर्वांचे लेखन आवडले, परंतु दोन गोष्टी खटकल्या. टीपेशी यांच्या म्हणण्याप्रमाणे ग्लुकोज आत गेले की ओ-ग्लकनॅक वाढते आणि ते कर्करोगाला हवे असते. मग काकांच्या मोबाइलवरचा संदेश इतका चूक कसा ठरतो? आणि दुसरे म्हणजे, रक्तपेढी यांनी सांगितलेल्या त्या मुलांविषयी मी शोधून वाचले. त्यांच्यासारख्याच एका मुलाला १९९० च्या दशकात जर्मनीत तोंडावाटे फ्यूकोज दिले आणि त्याचे संसर्ग थांबले. म्हणजे खाल्लेली साखर पेशीवर जाऊन बसली की नाही? शिवाय इतक्या वर्षांच्या संशोधनातून रुग्णाच्या हातात औषध म्हणून काय पडले, तेही कोणी सांगितलेले नाही.

---

प्रथिनवेडी

फ्यूकोजचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडला आणि मी माझे सुरुवातीचे विधान तेवढ्यापुरते मागे घेते. त्या मुलाची वाहतूक पूर्ण बंद नव्हती, अडखळत होती, म्हणून भरपूर फ्यूकोज दिल्यावर काही आत पोहोचले. इस्रायलमधल्या मुलांना मात्र तसा गुण आला नाही. आणि फ्यूकोज म्हणजे डब्यातली साखर नव्हे. ते मोजून दिलेले औषध होते.

संदेशाबद्दल मात्र मी ठाम आहे. पेशीला ग्लुकोज मिळते ते रक्तातून, आणि निरोगी माणसाने चहात साखर घातली किंवा नाही घातली, तरी यकृत रक्तातली पातळी अरुंद मर्यादेत राखते. खाणे तोडले तर स्नायू मोडून त्यातून ग्लुकोज बनवते. काकांचे जे ७ किलो गेले त्यातले बरेचसे हेच असणार. गाठीची पेशी ग्लुकोज ओढण्यात हावरी असते, हे वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले आहे, त्यामुळे टंचाईत आधी उपाशी राहील ती टी पेशी. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायचीच, तो वेगळा विषय.

औषधांचे उत्तर थोडे लांब आहे. ठोस यश मिळाले ते कर्करोगाच्या पेशीवरची साखर काढून नव्हे, तर अँटीबॉडीवरची साखर बदलून. आपल्या आयजीजी प्रतिपिंडाच्या देठावर २९७ क्रमांकाच्या ॲस्परजिनवर एक साखळी असते. तिच्या मुळाशी असलेले फ्यूकोज वगळले, तर एनके पेशी त्या प्रतिपिंडाला कितीतरी घट्ट धरतात आणि ते ज्या पेशीला चिकटले आहे तिला मारतात. या तत्त्वावरचे मोगामुलिझुमॅब जपानमध्ये २०१२ मध्ये आणि ओबिनुटुझुमॅब अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले. दुसऱ्यात हे फ्यूकोज मुद्दाम कमी केलेले असते. रेणूतला एवढासा कण, पण माझ्या मते या सबंध क्षेत्रातली सर्वांत देखणी युक्ती तीच.

अपयशही सांगायला हवे. रक्ताच्या कर्करोगातील पेशी अस्थिमज्जेत सिलेक्टिनला धरून लपून बसतात, ती पकड सोडवण्यासाठी केलेले उप्रोलेसेलान हे औषध २०२४ मध्ये तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत मुख्य कसोटीवर उतरले नाही. सियालिक आम्ल कापणारे एन्झाइम अँटीबॉडीला जोडून थेट गाठीवर नेण्याची कल्पना ज्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आली, त्या बर्टोझी यांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण ते पेशींवरील शर्करांना जिवंतपणी खूण लावण्याच्या रसायनासाठी. औषध अजून वाटेत आहे.

आणि वाट लांबण्याचे कारण टीपेशी यांच्या शेवटच्या वाक्यात आहे. एमगॅट५ नावाचे एक एन्झाइम साखळीला जास्तीची फांदी फोडते. टोरांटोच्या गटाने २००० मध्ये दाखवले की हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत स्तनाची गाठ मंद वाढते आणि कमी पसरते. वाटले, अडवा या एन्झाइमाला. पुढच्याच वर्षी टोरांटोहूनच दुसरा निष्कर्ष आला: हे एन्झाइम नसेल तर टी पेशी क्षुल्लक कारणाने चेकाळतात आणि शरीरावरच उलटतात, कारण त्या फांद्यांना गॅलेक्टिन नावाचे प्रथिन धरून ठेवते आणि टी पेशीचे संवेदक एकमेकांपासून दूर राखते. जी फांदी गाठीला पसरायला मदत करते, तीच टी पेशीला लगाम घालते. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातही, उंदरातल्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी फुप्फुसातच का रुजतात, याचा अभ्यास अशाच फांद्या आणि गॅलेक्टिन-३ यांच्या अंगाने झाला आहे.

---

टीपेशी

एक जोड देतो. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी पेशी जनुकीय बदल करून कर्करोगावर सोडणे) २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो पेशींवर सीडी१९ हे प्रथिन असलेल्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. घट्ट गाठींवर कार-टी पेशींचा जोर अजून चालत नाही, आणि त्यातला एक अडथळा साखळ्यांचा आहे: त्या दाट असतील तर दोन पेशींमधला सांधा नीट जुळत नाही. मिलानच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांत २-डीऑक्सिग्लुकोज (ग्लुकोजसारखा दिसणारा बनावट रेणू) देऊन गाठीवरच्या साखळ्या अपुऱ्या ठेवल्या, तेव्हा कार-टी पेशींनी त्या गाठी अधिक प्रमाणात मारल्या. निरोगी पेशींना त्याचा तेवढा उपद्रव झाला नाही, कारण त्या औषध तितके ओढून घेत नाहीत. म्हणजे हावरेपणाचा उपयोग करता येतो, पण तो उपाशी ठेवून नव्हे, तर बनावट माल खपवून.

---

माटुंगा_रोड

येथील चर्चा वाचून आम्ही डॉक्टरांच्या परवानगीने भावाच्या रक्ताची लुईस तपासणी करून घेतली. अहवालात लुईस-ए निगेटिव्ह, लुईस-बी निगेटिव्ह असे आले आहे. म्हणजे त्याच्याकडे ते एन्झाइम नाही, असेच धरायचे ना?

---

रक्तपेढी

दादा, शक्यता दाट आहे, परंतु अजून शिक्का मारू नका. लुईसचा पदार्थ (त्याच एन्झाइमाने बनणाऱ्या लुईस-ए आणि लुईस-बी या साखळ्या) तांबडी पेशी स्वतः बनवत नाही, तो रक्तद्रवातून तिच्यावर येऊन बसतो. त्यामुळे गरोदरपणात आणि काही कर्करोगांतही तो पेशींवरून उतरलेला दिसतो आणि जन्मतः असलेला माणूससुद्धा निगेटिव्ह येतो. लाळेची किंवा जनुकाची तपासणी केली तर खात्री होईल. चढवलेल्या रक्ताचाही या अहवालावर परिणाम होऊ शकतो, म्हणून विचारतो: गेल्या तीन-चार महिन्यांत भावाला रक्त चढवले होते का?

---

माटुंगा_रोड

हो, दोन बाटल्या, जूनमध्ये.

---

रक्तपेढी

मग ती तारीख आणि हा अहवाल, दोन्ही पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. लाळेची तपासणी करायची ठरलीच तर नमुना देण्यापूर्वी तोंड धुवून घ्यायला सांगा.